शालेय परिचारिकेचे पुढील शिक्षण



शिक्षण या विषयावर बोलणाऱ्या माणसांची आपल्या महाराष्ट्रात कधीच वाण पडलेली नाही. आणि उभे आयुष्य खडूच्या धुळीत घालविलेल्या माझ्यासारख्या सेवानिवृत्त मास्तरास बोलावयास सांगितले की तो याच विषयाला हात घालणार, अशी आपली अटकळ असणार. ती खरीही आहे आणि खोटीही आहे. मी शिक्षणाविषयीच बोलणार आहे. परंतु ते मुलांचे शिक्षण नव्हे, आणि मास्तरांचे तर नव्हेच. वर्षातून एकदोनदा शाळेच्या व्हरांड्यात वजनकाटा मांडून बसणारी, मुलांचे डोळे, दात, नखे पाहणारी जी परिचारिका, जिला आम्ही खेड्यात 'सिस्टर' म्हणतो, तिचे स्वतःचे शिक्षण नोकरी लागल्यानंतर पुढे कसे चालते, की चालतच नाही, हा माझा आजचा विषय आहे.

हा विषय मला का सुचला ते आधी सांगितले पाहिजे, आणि ते सांगताना मला थोडा संकोच वाटतो. कारण त्यात दोष माझ्याकडे आहे. गोष्ट वीसएक वर्षांपूर्वीची. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ सालापासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) एका लहान गावी मी चौथीच्या वर्गास शिकवीत होतो. वर्गात एक मुलगा होता. अंगाने धडधाकट, स्वभावाने गरीब. परंतु वाचावयास उभा केला की दोन ओळी नीट वाची आणि मध्येच, शब्दाच्या अर्ध्यावर, थांबे. पुस्तकाकडे नव्हे, माझ्याकडेही नव्हे, कोठेच न पाहता उभा राही. पापण्या जराशा लवत. दहा-बारा सेकंदांनी पुन्हा सुरू होई, ते भलत्याच ओळीपासून. वर्ग हसे. मी त्यास 'तंद्रीबहाद्दर' असे नाव ठेविले होते. छडी त्या काळी वर्गातून अद्याप हद्दपार झालेली नव्हती, आणि त्या मुलाच्या वाट्यास ती पुष्कळ आली. लक्ष नाही, एवढाच माझा निष्कर्ष होता, आणि लक्ष नसण्यावर मला ठाऊक असलेले औषध एकच होते.

एके दिवशी उपकेंद्राच्या सिस्टर मुलांना धनुर्वाताची लस टोचण्यास आल्या. रांगेत हा मुलगा उभा होता. त्यांनी नाव विचारले, त्याने सांगितले. वडिलांचे नाव विचारले. तो मध्येच थांबला. सिस्टरांनी सुई खाली ठेविली. त्याच्या तोंडाकडे पाहात त्या गप्प राहिल्या, आणि तो भानावर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पुस्तक मागितले. त्यास वाचावयास लावले. पानाच्या निम्म्यावर तो पुन्हा थांबला. मग त्या मला बाजूस घेऊन म्हणाल्या, "गुरुजी, ह्याला मारू नका. ह्याचं लक्ष नाही असं नाही. हा झटका आहे. फिटचाच एक प्रकार. पोरगं पडत नाही, तोंडाला फेस येत नाही, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही."

त्या मुलास जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला, आणि सिस्टरांचे म्हणणे खरे ठरले. गोळ्या सुरू झाल्या. दोन-तीन महिन्यांत मुलगा सलग पान वाचू लागला. परंतु माझ्या मनात जे रुतून बसले ते निराळेच आहे. मी सिस्टरांचे आभार मानावयास गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, आभार कसले मानता? हे मला मागच्याच महिन्यात तालुक्याच्या ट्रेनिंगला कळलं. अकरा वर्षं मी ह्या शाळेत येते आहे." एवढे बोलून त्या थांबल्या. आम्हां दोघांनाही एकच गोष्ट आठवत होती, असे मला वाटते. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याच वर्गात एक मुलगी होती, तिसरी झाल्यावर तिच्या बापाने तिला 'डोक्यात काही शिरत नाही' म्हणून शाळेतून काढले. तीही अशीच मध्येच थांबत असे. तिला तेच दुखणे होते की काय, हे आज सांगता येत नाही. तिलाही सिस्टरांनी टोचले होते, तिचीही नखे पाहिली होती, आणि रजिस्टरात 'निरोगी' असे लिहिले होते.

एका दिवसाच्या शिकवणीने एक मूल वाचले, आणि तीच शिकवणी पाच वर्षे आधी मिळाली नाही म्हणून दुसरे कदाचित हातचे गेले. या एका उदाहरणावरून सगळ्या व्यवस्थेची परीक्षा करावी असे मी म्हणत नाही. परंतु त्या दिवसापासून मी या प्रश्नाकडे पाहू लागलो.

शाळेत परिचारिका असावी ही कल्पना फार जुनी नाही. लंडनमध्ये १८९२ साली एमी ह्यूज नावाच्या परिचारिकेने गरीब वस्तीतील एका शाळेत जाण्यास आरंभ केला. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात १८९७ पासून डॉक्टर शाळा तपाशीत आणि खरूज, डोळे येणे, उवा असले संसर्गजन्य विकार असलेल्या मुलांना घरी धाडीत. घरी धाडलेली मुले संध्याकाळी त्याच गल्लीत त्याच सवंगड्यांबरोबर खेळत. उपचार कोणी करीत नसे. वर्ग रिकामे पडले, रोग जेथल्या तेथे राहिला. १९०२ च्या ऑक्टोबरात लीना रॉजर्स या परिचारिकेस चार शाळा देऊन एक महिना प्रयोग करण्यात आला. ती शाळेतच औषध लावी, आणि संध्याकाळी मुलाच्या घरी जाऊन आईस ते कसे लावावयाचे हे दाखवी. वर्षभरात घरी धाडल्या जाणाऱ्या मुलांची संख्या जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर आली. डॉक्टरने रोग ओळखला होताच; परिचारिकेने तो घरापर्यंत जाऊन निस्तरला. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून येथे नमूद करून ठेवतो.

आपल्या देशात विद्यार्थ्यांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदे शहरात झाली. सयाजीराव महाराजांच्या राज्यात ती झाली यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. परंतु त्यानंतर सदतीस वर्षांनी, १९४६ साली, भोर समितीने आपल्या अहवालात शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच असे लिहिले. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा समिती बसली. समित्यांचा इतिहास सांगून मी आपणांस कंटाळा आणीत नाही.

आजची स्थिती अशी. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेस स्वतःची परिचारिका नसते. शहरातील काही सधन शाळांतून ती असते. तिच्यासाठी निराळी खोली, खाट, औषधांचे कपाट असते. खेड्यातील मुलाच्या वाट्यास येतात त्या दोन परिचारिका. एक उपकेंद्राची आरोग्यसेविका. सपाटीच्या प्रदेशात पाच हजार वस्तीमागे आणि डोंगरी वा आदिवासी भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र असावे असा दंडक आहे. तिच्याकडे बाळंतपणे, लसी, क्षयाचे रुग्ण, कुटुंबनियोजन, आणि या सर्वांची रजिस्टरे असतात. त्यातून वेळ उरला तर शाळा. दुसरी परिचारिका राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकातील. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता व एक परिचारिका असावी. त्यांनी अंगणवाडी वर्षातून दोनदा आणि शाळा वर्षातून एकदा तपासावी. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांतील जन्मजात व्यंगे, पोषणाची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब शोधून काढावेत, अशी योजना आहे. आरंभीच्या यादीत तीस विकार होते. योजना चांगली आहे. तिच्यामुळे हृदयाला छिद्र असलेल्या, ओठ दुभंगलेल्या कितीतरी मुलांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पथक एका दिवसात आले आणि गेले. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत काय होते ते उपकेंद्राच्या सिस्टरांनी आणि शिक्षकांनी पाहावयाचे असते.

आता या सिस्टरांचे शिक्षण पाहा. साह्यकारी परिचारिका-प्रसविका हा अभ्यासक्रम काही काळ दीड वर्षाचा होता. हल्ली तो दोन वर्षांचा आहे. वयाच्या वीस-एकविसाव्या वर्षी मुलगी तो पुरा करते आणि पुढे पस्तीस वर्षे नोकरी करते. त्या पस्तीस वर्षांत वैद्यकशास्त्र काही तिच्यासाठी थांबून राहात नाही. मास्तराचे तितकेसे अडत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी शिकविलेला त्रैराशिकाचा नियम आजही खरा आहे. परिचारिकेच्या बाबतीत मात्र जुने ज्ञान नुसते अपुरे ठरत नाही, प्रसंगी ते अपायकारक ठरते. याची काही उदाहरणे आपणांपुढे ठेवतो. ती आपल्याही घरात उपयोगी पडतील.

सर्पदंशाचे घ्या. दंशाच्या वर दोरी करकचून आवळावी, ब्लेडने चीर द्यावी, रक्त वाहू द्यावे, असे आम्ही लहानपणी पुस्तकांतून वाचले आणि मी स्वतः मुलांना शिकविले. आज हे सर्व निषिद्ध मानले जाते. आवळलेल्या दोरीने हात किंवा पाय कायमचा गमवावा लागतो. चीर दिल्याने, विशेषतः घोणस किंवा फुरसे चावले असता, रक्त थांबता थांबत नाही. मुलास चालू न देता, हाडमोडीस फळी बांधतात तसा तो अवयव स्थिर करून, धीर देत, जेथे प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात तडक नेणे, एवढेच करावयाचे. ज्या सिस्टरांचे शिक्षण पूर्वी झाले त्यांना हे कोणी नव्याने सांगितले नाही, तर त्या दोरीच शोधणार.

कुत्रे चावल्यास पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती अजून खेड्यातून गेलेली नाही. ती जुनी लस २००५ च्या सुमारास आपल्या देशात बंद झाली. हल्लीची लस दंडात थोड्या मात्रांत देतात. परंतु त्या धास्तीपायी पोरे कुत्र्याने ओरबाडलेले घरी सांगत नाहीत, आणि हा रोग एकदा प्रगट झाला म्हणजे जवळजवळ अटळ मरणाचा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, ही गोष्ट इतकी साधी की कोणी ती सांगण्याच्या लायकीची मानीत नाही. नाकातून रक्त आले की आम्ही मुलाची मान मागे टाकीत असू. ती पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावयाचा असतो, नाहीतर रक्त घशात जाते. फेफरे आलेल्या मुलाच्या दातांत चमचा कोंबणे, नाकाशी वहाण धरणे, हेही तसेच. तोंडात काही न घालता त्यास कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांच्या वर झटका टिकला तर गाडी बोलवावी. हगवणीत मीठ-साखर-पाणी हे आता सर्वांस ठाऊक आहे. परंतु लहान मुलास त्याजबरोबर चौदा दिवस जस्ताची गोळी द्यावी, ही भर या शतकातली. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी जी लस मुलांना टोचतात, तीही बदलली. नुसत्या धनुर्वाताच्या जागी धनुर्वात आणि घटसर्प या दोहोंची मिळून लस आली आहे.

आपल्या जिल्ह्यात विंचूही पुष्कळ. विंचवाच्या दंशाने मुले दगावत त्या काळात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर लागू पडते हे रुग्णांच्या उशाशी बसून दाखविले. कोकणातील एका ग्रामीण डॉक्टरने काढलेला हा उपाय जगभर पोचला. परंतु तो शेजारच्या तालुक्यातील परिचारिकेच्या कानावर केव्हा जातो, हे तिचे पुढील शिक्षण कसे आहे त्यावर अवलंबून आहे.

आणि काही गोष्टी अशा की त्या औषधाच्या नव्हेत, समजावून सांगण्याच्या आहेत. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी शाळेत लोहाची निळी गोळी देतात. एखादा मुलगा ती उपाशीपोटी घेतो, त्याच्या पोटात कळ येते, दुसऱ्या दिवशी एकाची शौचास काळी होते, आणि तिसऱ्या दिवशी गावात बभ्रा होतो की सरकारी गोळीने पोरे आजारी पडली. मी अशी एक सकाळ पाहिली आहे. शाळेसमोर पन्नास पालक. त्या दिवशी ज्या परिचारिका आल्या त्या नवीन होत्या; त्यांना गोळ्यांची संख्या ठाऊक होती, गोळीचा गुण ठाऊक नव्हता. जेवणानंतर घ्या, वर लगेच चहा पिऊ नका, शौचास काळी झाली तर घाबरू नका, ही तीन वाक्ये आधी सांगितली असती तर तो तमाशा झाला नसता. पुढे वर्षभर त्या शाळेतील निम्मी मुले गोळी खिशात घालून बाहेर फेकीत.

तर मग हे शिक्षण देण्याची व्यवस्था काय? परिचारिकांची नोंदणी करण्याचा कायदा मुंबई इलाख्यात १९३५ पासून आहे. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६६ चा. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावयाची, आणि त्यासाठी त्या पाच वर्षांत दीडशे तासांचे निरंतर शिक्षण झाल्याचे दाखवावयाचे, असा भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेला दंडक आहे. दीडशे तास म्हणजे वर्षास तीस, महिन्यास अडीच. हिशेब वाईट नाही. परंतु तास मोजणे सोपे. त्या तासांत काय शिकले ते मोजणे अवघड. ज्या परिचारिकेची नोकरी मोठ्या रुग्णालयात आहे तिला व्याख्याने, परिषदा, प्रमाणपत्रे घराजवळ मिळतात. आडगावच्या उपकेंद्रात एकटी असलेली बाई एक दिवस बाहेर गेली की मागे कुलूप लागते, आणि त्याच दिवशी कोणी बाळंतीण दारात येऊन परतली तर बोल तिलाच. शिवाय ज्या विषयाचे वर्ग भरतात तो बहुधा त्या वर्षीच्या मोहिमेचा असतो: यंदा जंतनाशक गोळी, पुढल्या वर्षी गोवर. मोहिमा हव्यातच, परंतु मुलांचे डोळे कसे तपासावे, कान कसा पारखावा, आणि माझ्या त्या विद्यार्थ्यासारखे मूल कसे ओळखावे, हे मोहिमेत बसत नाही.

आणि हे वर्ग भरतात कसे, ते मी न पाहताही सांगू शकतो. कारण आम्हां शिक्षकांचे सेवांतर्गत प्रशिक्षण मी तीस वर्षे घेतले आहे. राज्याच्या ठिकाणी तज्ज्ञ शिकवितात. ते ऐकणारे जिल्ह्यात येऊन शिकवितात. त्यांचे ऐकणारे तालुक्यात. आणि तालुक्यात ऐकलेला केंद्रावर. भंडारदऱ्याचे धरण आमच्या जिल्ह्यात १९२६ सालापासून आहे आणि पाटाच्या पाण्याची रीत आम्हांस चांगली कळते. वर कालवा दुथडी वाहतो. टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत येते ती ओल. प्रशिक्षणाचेही तेच. वरून निघालेले तीन दिवसांचे शिक्षण खाली येईतो दुपारच्या चहापर्यंत संपते. हल्ली पुष्कळसे शिक्षण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले आहे. त्याने टेललाही पाणी पोचते हा मोठा लाभ. उणीव इतकीच की पडद्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि मुलाच्या कानात बॅटरी धरताना हात कसा असावा हे पडदा आपला हात धरून दाखवीत नाही.

याहून निराळी रीत शक्य आहे काय? आहे, आणि तिचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. ते आमच्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, जामखेड तालुक्यात आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे हे मूळचे राहुरीचे, शिक्षक आईबापांच्या पोटी जन्मलेले. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे शिकले. नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात दोघांनी काम केले. अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. आणि १९७० साली परत येऊन त्यांनी बसावयास जागा निवडली ती जामखेड, कोरडवाहू, बीडच्या सीमेला लागून असलेले. त्यांचा पहिला बेत शिकलेल्या परिचारिका गावोगाव नेमण्याचा होता. तो साधला नाही. परगावची तरुण, एकटी मुलगी खेड्यात राहावयास नाखूष. गावच्या बायकाही तिचे ऐकेनात. तेव्हा एका गावच्या सरपंचाने सुचविले, आमच्याच गावची बाई का घेत नाही? आणि गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील, संसाराने पोळलेल्या बायका जामखेडला येऊ लागल्या.

आता माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते ऐका. या बायकांना 'एकदा शिकवून' गावी धाडले नाही. त्या दर आठवड्यास येत, मुक्काम करीत. आल्या की आधी त्यांनी सांगावयाचे: गेल्या आठवड्यात गावात काय पाहिले, कोणाचे मूल वाळत चालले, कोणती गोष्ट सांगितली आणि लोकांनी ती का मानली नाही. मग त्यातून नवा धडा निघे. एक-दोन गोष्टी शिकावयाच्या, गावी जाऊन करून पाहावयाच्या, फसल्या तर पुढल्या आठवड्यात येऊन तसे सांगावयाचे. रात्री त्या एकाच मोठ्या गोधडीखाली निजत, आणि ज्या जातींनी एकमेकींच्या हातचे पाणी घेतले नव्हते त्या बायका त्या गोधडीखाली गोष्टी करीत झोपी जात. कोणत्याही अभ्यासक्रमात या गोधडीचे तास धरलेले नाहीत. या प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९० नंतरच्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली वारले; प्रकल्प पुढे चालू राहिला.

त्या बायकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे एका आरोग्यपरिषदेत बोलल्या. सभागृहातील मोठ्या झुंबराकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांची तुलना त्याशी केली आणि आपली तुलना हातातल्या लहान दिव्याशी, एकापासून दुसरा लावता येतो अशा. ही हकीकत पुष्कळांनी ऐकली असेल. लोक तिच्यातील दिव्याचे कौतुक करतात. मला मात्र नेहमी वाटते की त्या दिव्यात दर आठवड्याला कोणीतरी तेल घालीत होते, त्याची वार्ता कोणी करीत नाही.

कोणी म्हणेल, त्या बायका वेगळ्या, सरकारी परिचारिका वेगळी. ते खरे आहे. आठवड्यास दोन दिवस आरोग्यसेविकेला बोलावणे सरकारला परवडणार नाही, आणि उपकेंद्राला कुलूप लागेल ते निराळेच. परंतु रीत तरी उचलता येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रावर परिचारिकांची बैठक दर महिन्यास होतच असते. ती आकडे गोळा करण्यात जाते. त्याच बैठकीतील एक तास आकड्यांना न देता मुलांना द्यावा. प्रत्येकीने आपल्या शाळेत पाहिलेले एक कोडे सांगावे. डॉक्टरांनी त्यावर शिकवावे. बारा महिन्यांत बारा तास होतील, आणि त्यासाठी एक पैही जादा लागणार नाही. तज्ज्ञ जिल्ह्यात नाहीत असे नाही. लोणीस प्रवरेच्या काठी परिचर्या महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे.

शिकविताना आपल्या जिल्ह्याची माती मात्र ध्यानात घ्यावी. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे दिवाळी झाली की ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. हजेरीपटावर नाव, आणि मूल फडावर. फिरते पथक नेमके त्या महिन्यांत आले तर ज्या मुलाची तपासणी सर्वांत निकडीची तेच सुटते. ते परत आल्यावर त्यास निराळे बोलावून पाहावे, त्याची लस कोठे राहिली ते मोजावे, हे परिचारिकेने शिकण्याचे आहे. तिकडे अकोले तालुक्यात आश्रमशाळा आहेत. तेथे शंभर मुले एका ओळीत निजतात. खरूज एकाला झाली आणि औषध एकालाच लावले, तर पंधरा दिवसांनी ती त्याच्याकडेच परत येते. सगळ्यांना एकाच दिवशी लावावे आणि अंथरुणे-कपडे त्याच दिवशी उकळून उन्हात घालावे लागतात. न्यूयॉर्कच्या लीना रॉजर्सला जे कळले होते ते हेच, की औषध लावणे हे निम्मे काम.

आणखी एक गोष्ट मला शिक्षक या नात्याने सांगावीशी वाटते. आयुष्मान भारत योजनेखाली फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना आहे. या शिक्षकांचे वर्ग निराळे भरतात, परिचारिकांचे निराळे. दोघांना एका खोलीत का बसवू नये? मूल वर्षाचे दोनशेवर दिवस मास्तरासमोर असते आणि एक दिवस परिचारिकेसमोर. मी जे रोज पाहात होतो ते मला ओळखता येत नव्हते. त्या ओळखू शकत होत्या, परंतु त्यांना पाहावयास मिळत नव्हते. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीतून उतरविणारा मुलगा नक्कल करतो असे मास्तरास वाटते; वीस फुटांवर अक्षरांचा तक्ता टांगून एकेक डोळा झाकावयाचा, इतके जरी आम्हांस कोणी नीट दाखविले असते तरी कितीतरी मुले मागच्या बाकावरून पुढे आली असती.

ज्या सिस्टरांची गोष्ट मी आरंभी सांगितली त्यांनी त्या प्रसंगानंतर आपणहून एक पायंडा पाडला. कोठलेही प्रशिक्षण घेऊन आल्या की त्या शाळेत येत, मधल्या सुट्टीत आम्हां चौघां शिक्षकांना बसवीत आणि जे शिकल्या ते अर्ध्या तासात सांगत. असे करण्याचा त्यांना हुकूम नव्हता, भत्ताही नव्हता. एकदा त्यांनी एका पुठ्ठ्यावर शाईने लिहून दिले: साप चावल्यास, कुत्रे चावल्यास, भाजल्यास, झटका आल्यास काय करावे. तो पुठ्ठा आमच्या कार्यालयातील कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटविलेला होता. त्यातील सापाच्या मजकुरात पहिली ओळ दोरी बांधण्याची होती. दोन-तीन वर्षांनी त्या एक दिवस घाईघाईने आल्या, कपाट उघडावयास लावले, माझ्या खिशातील तांबडे पेन घेऊन ती ओळ खोडली आणि शेजारी नवी लिहिली, आणि म्हणाल्या, "गुरुजी, मुलांनासुद्धा आजच सांगा. आधीचं मीच चुकीचं लिहून दिलं होतं." मी निवृत्त झालो तेव्हा कपाट तेच होते. पुठ्ठ्यावर तांबड्या शाईच्या अशा पाच दुरुस्त्या मी मोजल्या.